हृदयात धाकटी

विभागात तिला सगळे कात्री म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. नावाला कारणं दोन होती, तिचं काम आणि तिची जीभ, आणि दोन्हीत जास्त धार कशाला यावर चहाच्या वेळी वाद रंगत.

तिची खोली मजल्याच्या अगदी टोकाला, जिन्याखाली. छत उतरतं. बाई चांगली ताडमाड उंच, त्यामुळे टेबलाच्या एका बाजूला उभं राहता येई आणि दुसऱ्या बाजूला मान तुकवून. दोन जुने फ्रीज, एक घरघरणारं यंत्र, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत व तिच्यावरून उतरणारे पाइप. मोठ्या खोल्या या ना त्या कारणानं रिकाम्या होत, पण तिच्या दारापर्यंत त्यांची किल्ली कधी आली नाही. "लोकांना नातेवाइकांमुळे खोल्या मिळतात," ती म्हणे, "माझी नातेवाइकामुळे गेली."

रागावण्याची तिची एक खास रीत होती. ती ओरडत नसे. ज्याच्यावर डूख धरायचा त्याला ती एकदम अहो-जाहो करू लागे. भांडारातल्या माणसानं एकदा तिच्या काचेच्या नळ्या फोडल्या आणि वर "होतं असं" म्हणाला. कालपर्यंत "अरे, इकडे ये रे" म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, "आपण जरा बाजूला होता का?" बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. ते "आपण" त्याच्या निवृत्तीपर्यंत सुटलं नाही.

काम तसं सांगायला सोपं होतं. पेशीत जनुकावरून आधी एक लांबलचक संदेश उतरवला जातो. मग पेशी त्यातले काही तुकडे कापून फेकते, उरलेले एकमेकांना जोडते, आणि त्या जोडलेल्या संदेशावरून प्रोटीन बनवते. गंमत अशी की सगळ्या अवयवांतल्या पेशी सारख्या कापत नाहीत. एखादा तुकडा स्नायूत ठेवतात, तोच यकृतात फेकून देतात. जनुक एकच, प्रोटीनं दोन तऱ्हांची. या कापाकापीला आणि जोडाजोडीला शास्त्रात स्प्लायसिंग म्हणतात आणि कात्रीनं उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली होती. तिचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. तुकडा ठेवला किंवा काढला, तर त्या प्रोटीनचं दुसऱ्या प्रोटीनांशी जमतं कसं आणि फिसकटतं कसं? कारण प्रोटीन एकटं बसून काही करत नाही. त्याला कुणाला तरी धरावं लागतं, तेव्हा काम होतं.

तिची आई शिवणकाम करायची. आईनं केलेलं काज असं की कापड विरलं तरी काज उसवायचं नाही. म्हणून कात्रीनं आपल्या प्रोटीनमधल्या एका छोट्या तुकड्याला काज म्हटलं. तो तुकडा ठेवला की जोडीदाराचं बटण त्यात नीट बसतं. तो कापला की बटण लोंबकळत राहतं आणि दोघांची गाठ पडत नाही. एवढासा तुकडा, पण कोण कुणाला धरणार हे तो ठरवतो.

हे काज तिनं शोधलं. एकटीनं. आणि जगाला ते ताईचं म्हणून माहीत होतं.

त्या काळी दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत होत्या. एकीचं टेबल खिडकीशी, एकीचं दाराशी. खिडकी कुणाकडे हे सांगायला नकोच. कात्रीला नुकतंच काज सापडलं होतं, ते कुणाला धरतं तेही दिसलं होतं, आता फक्त लिहून काढायचं बाकी होतं. आणि नेमकी आई अंथरुणाला खिळली. कुणीतरी रजा काढून घरी बसणं भाग होतं. ताई म्हणाली, "तू बस गं. तुला आईचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं." स्तुती केली की माणूस कामाला लागतो हे ताईला लहानपणापासून ठाऊक. कात्री बसली. आईला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. हिवाळा सरला आणि आई गेली.

ती कामावर परतली तेव्हा निबंध छापून आलेला होता. वर ताईचं नाव. आत कात्रीची चित्रं, कात्रीचे प्रयोग, कात्रीचं काज. आणि सगळ्यात शेवटी, मुंगीच्या अक्षरांत: मदतीबद्दल धाकट्या बहिणीचे आभार.

आभार! बीळ खणायचं एकानं आणि नागोबानं आत शिरून वर आभार मानायचे!

ती ताईसमोर जाऊन उभी राहिली तेव्हा ताई म्हणाली, "अगं, कुणीतरी लिहायलाच हवं होतं. दुसऱ्या कुणी आधी छापलं असतं म्हणजे? तू तर घरी होतीस. आणि आपल्यात काय आलंय माझं-तुझं?"

"माझं-तुझं नसतं तेव्हा दर वेळी माझंच का जातं?" कात्रीनं विचारलं.  ताईला पुढं शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठी प्रयोगशाळा मिळाली, हाताखाली माणसं मिळाली. कात्रीला जिन्याखालची खोली मिळाली.

एवढं होऊनही तिनं बहिणीकडे येणं-जाणं तोडलं नाही ते भाऊजींमुळे. भाऊजी शाळेत गणित शिकवत. त्यातलं काही न कळूनही त्यांनी तो निबंध शेवटपर्यंत वाचला, शेवटची ओळ बोटानं दाखवली आणि कात्रीच्या देखत बायकोला म्हणाले, "हे तू बरोबर नाही केलंस." बस्, एवढंच. पण त्या घरात एवढं म्हणणारं माणूस ते एकच. कात्रीनं त्या एका वाक्यासाठी भाऊजींवरून जीव ओवाळून टाकला असता. ते तिला "मेहुणीबाई" म्हणून छळत, तिच्या उंचीवरून थट्टा करत, घरातले बल्ब बदलायला बोलावत. जगात तिला हसवणारा माणूस तोच.

तिला ताईकडून एकच हवं होतं. चार लोकांत उभं राहून ताईनं म्हणावं, हे काम हिचं आहे, पहिल्यापासून हिचंच. बाकी मान, पद, खिडकी सगळं गेलं चुलीत. ते वाक्य तिनं इतक्या वेळा मनात ऐकलं होतं की ताईचा आवाज कुठं अडखळेल हेसुद्धा ठरलेलं होतं.

मग भाऊजींचे स्नायू झिजायला लागले.

सुरुवातीला कळलं नाही. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहू लागला, एवढंच. मुलांना वाटलं सरांची नवी पद्धत आहे. हात खांद्याच्या वर जात नव्हता. पुढं जिना चढताना कठड्याला लटकावं लागू लागलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि उपाय नाही हेही सांगितलं. आणि दैव असं खट्याळ की या आजाराच्या मुळाशी तेच काज निघालं. भाऊजींच्या स्नायूंतलं काज एका भलत्या बटणाला धरून बसलं होतं, सोडायला तयार नव्हतं, आणि त्या मगरमिठीत स्नायू वाळत चालला होता.

ताईनं सगळं बाजूला सारून या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. त्या काजात आधीच काहीतरी घट्ट कोंबून ठेवलं, तर बटण शिरणारच नाही. असं औषध तिनं बनवलं. इथं मान्य करायला हवं, आणि कात्रीही दातओठ खात मान्य करी, की ताई चोर असली तरी हुशार होती. औषध चाललं. आजारी उंदीर पुन्हा जाळीवर चढायला लागले.

अडचण एकच होती. हृदय. हृदयात याच प्रोटीनला काज असेल, तर तिथं त्यानं आपल्या बटणाला धरून ठेवणं गरजेचं असतं, नाहीतर ठोका बिघडतो. म्हणजे हृदयातल्या प्रोटीनलाही काज असेल तर हे औषध माणूस मारणार. हृदय तो तुकडा कापून टाकत असेल तर औषधाला तिथं बसायला जागाच नाही, चिंता मिटली. उंदरांची हृदयं तो तुकडा कापतात. माणसाची काय करतात?

हे पाहिलेलं माणूस ओळखीपाळखीत एकच होतं. शस्त्रक्रियेत काढलेले हृदयाचे कण रीतसर मागून घेऊन कात्रीनं ते कधीच तपासलं होतं. पण एकदा तोंड पोळल्यावर तिनं ताकसुद्धा झाकून ठेवलं होतं. त्या तपासणीचा फोटो तिनं कुठं छापला नव्हता, कुणाला दाखवला नव्हता. असू दे माझ्यापाशी, म्हणाली.

आता तिच्या नावं ठेवण्याच्या सवयीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. या प्रोटीनच्या दोन तऱ्हांपैकी आखूड, बिनकाजाची, तिला आधी सापडली होती. ती थोरली. लांब, काजाची, नंतर सापडली. ती धाकटी. नावं चपखल बसली ती घरच्यामुळे. कारण घरात ताई बुटकी आणि कात्री उंच. ताईचे उतरलेले फ्रॉक धाकटीला आखूड होत, मग आई खाली कापडाची एक पट्टी जोडून देई. धाकटीच्या अंगावर नेहमी एक तुकडा जास्त. कात्रीच्या नळ्यांवर, डब्यांवर, बोलण्यात हीच नावं. ताईनं निबंध लिहिताना ती सोडून दिली होती. तिथं सरळ लांब आणि आखूड असं होतं. बहिणीनं ती नावं का ठेवली हे तिनं कधी विचारलं नव्हतं. लहान बहिणीच्या फ्रॉकला पट्टी लागायची हे मोठीला कशाला आठवेल?

तर ताईचा फोन आला.

"तू माणसाच्या हृदयाचं पाहिलं होतंस ना गं कधीतरी?"

"पाहिलंय."

"मग? कुठली सापडली?"

"धाकटी," कात्री म्हणाली. सवयीनं म्हणाली. त्यात डाव नव्हता, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

ताई हसली. "अजून ठेवतेस का अशी नावं? धाकटी म्हणजे आखूड. म्हणजे तुकडा कापलेला. म्हणजे माणसातही उंदरासारखंच! सुटले गं बाई."

अगं नाही, उलटं, धाकटी म्हणजे लांब. हे शब्द कात्रीच्या जिभेच्या टोकावर आले होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ताई खुशीत म्हणाली, "तुझे आभार मानते हं मी परवानगीच्या अर्जात."

कात्रीनं तोंड मिटलं.

"नक्की ना?" ताईनं विचारलं. "हृदयात धाकटीच?"

"नक्की," कात्री म्हणाली. "हृदयात धाकटीच."

"फोटो पाठवतेस?"

"जुना आहे, शोधावा लागेल. सभेलाच घेऊन येते."

"ये की. तूच दाखव. पाच मिनिटं देते तुला."

देते म्हणे! कात्रीनं फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेली नळी पुन्हा हातात घेतली. एक शब्दही खोटा बोलले नाही, याचं तिला मोठं समाधान वाटत होतं. हळूहळू त्या समाधानाला गोडी चढली.

सभा म्हणजे परवानगी देणाऱ्या समितीची. तिथं बाहेरची मोठमोठी माणसं येणार, ताई आपलं औषध मांडणार, आणि समितीनं होकार दिल्यावरच ते पहिल्या रुग्णाला मिळणार. कात्रीनं सगळा हिशेब केला. होकाराच्या आधी मी उठणार, फोटो दाखवणार. कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही. नाक कापलं जाईल ते फक्त ताईचं. या हिशेबानं तिचं मन स्वच्छ झालं. मग तिनं तो प्रसंग चवीचवीनं घोळवला. सकाळी दात घासताना, बसची वाट बघताना, नळीत थेंब सोडताना. आधी कुठलं वाक्य, मग किती वेळ गप्प, मग कुठं बघायचं. आपल्या कामावर तिनं जेवढी मेहनत घेतली होती तेवढीच यावर घेतली. शेजारच्या खोलीतली बाई म्हणालीसुद्धा, "हल्ली खुशीत दिसता, काय लग्न-बिग्न ठरलं की काय?" कात्री म्हणाली, "ठरलंय. पण लग्न नाही, बारसं आहे." शेजारणीला काही कळलं नाही आणि कात्री आपल्याच विनोदावर दिवसभर हसत होती.

मधे एका रविवारी ती ताईकडे गेली. शत्रूच्या घरी जाऊन पाहुणचार घेण्यात एक वेगळीच मजा असते. ताई कागदांत बुडालेली होती. भाऊजी उठले, "मेहुणीबाई, चहा माझ्या हातचा," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा त्यांनी काढला. ताई पटकन वर बघून म्हणाली, "मी काढते ना!" भाऊजी हसले, बायकोकडे बघून डोळा मिचकावला, कप घेऊन बाहेर आले आणि खुर्चीत टेकले. थोडी धाप लागली होती.

कात्री समोरच बसली होती. नळीतल्या थेंबाचा रंग किंचित बदलला तरी तिला दारातून दिसे. पण तेव्हा ती सभेतलं तिसरं वाक्य मनात जुळवत होती. डबा फळीवरून खाली आला हे तिनं बघितलं आणि तिच्या डोक्यात काही शिरलं नाही. चहा छान झालाय म्हणाली आणि निघाली.

सभेचा हॉल थंड होता आणि खुर्च्या मऊ होत्या. अध्यक्षबाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. ताईनं फार सुंदर मांडणी केली. आजारी उंदीर, बरे झालेले उंदीर, काजात जाऊन बसलेलं औषध. "हृदयाला धोका नाही," ती म्हणाली. "माणसाच्या हृदयात हा तुकडा कापलेला असतो. माझ्या बहिणीनं ते तपासलंय. ती आता दाखवेल."

कात्री उठली. तिनं फोटो पडद्यावर टाकला. नुसत्या काळसर पट्ट्या होत्या, पण तिथं बसलेल्या सगळ्यांना त्या वाचता येत होत्या. लांब प्रोटीनची पट्टी जड पायानं वरच रेंगाळते, आखुडाची खाली पळते. तिनं काठी वरच्या पट्टीवर टेकवली.

"हे माणसाचं हृदय," ती म्हणाली. मग ताईकडे वळली. "आपण अर्जात लिहिलंय की इथं काज नसतं. आपण नीट पाहावं. हृदयातल्या प्रोटीनला काज आहे. पुरतं आहे. आपलं औषध तिथं जाऊन बसेल आणि ठोका थांबवेल."

हॉलमध्ये कुजबुज झाली. ताई उभी राहिली. "पण तू फोनवर मला धाकटी म्हणालीस."

"म्हणाले. धाकटीच आहे. माझ्या कामात धाकटी म्हणजे लांब. आपले उतरलेले फ्रॉक मला आखूड व्हायचे, आई त्याला खाली तुकडा जोडायची, त्यावरून ठेवलंय. ज्यानं हे काम केलंय त्याला माहीत असतं. ज्यानं उचललंय त्याला कुठून असणार?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू कात्रीला साखरेसारखं लागलं. इतक्या वर्षांचं कडू तोंड एका क्षणात गोड झालं. आता ती ताईचा चेहरा बघायला वळली. तो तिनं कितीतरी तऱ्हांनी कल्पून ठेवला होता: लालबुंद, रडवेला, खोटं बोलणारा. यातला एकही नव्हता. ताई तिच्याकडे बघतच नव्हती. ती पिशवीत फोन शोधत होती. सापडला. कानाला लावला. सगळा हॉल बघत होता आणि ती फोनला म्हणत होती, "उचल. उचल ना रे."

कुणी उचलला नाही.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ताईनं उत्तर बहिणीला दिलं. "मी त्याला औषध सुरू केलंय," ती म्हणाली. "घरीच. तुझा फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी. तो म्हणाला, मेहुणीबाईंनी सांगितलंय ना, मग काय बघायचं."

ताईनं शेजाऱ्यांना फोन केला आणि घराचं दार त्यांनी उघडलं. भाऊजी स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेले होते, शुद्ध होती, पण बोलायला दम नव्हता. बहिणी पोचल्या तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. अध्यक्षबाईही पाठोपाठ आल्या. असं काही सभेत ऐकल्यावर त्यांना घरी जाववेना. दुपारची वेळ होती. व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि एक सफाईवाली फरशी पुसत, सगळ्यांना पाय उचलायला लावत पुढं सरकत होती.

डॉक्टर बाहेर आले. "हृदय नीट आकुंचन पावत नाही. मला या औषधाचं सांगा. ते नक्की कशाला धरतं? किती वेळ धरून राहतं? कुणाला माहीत आहे?"

ताईनं बहिणीकडे बोट केलं. "हिला विचारा," ती म्हणाली. आवाज कुठंही अडखळला नाही. "ते काज हिनं शोधलंय. मी चोरलं होतं. हे सगळं काम हिचं आहे. पहिल्यापासून हिचंच."

डॉक्टर, नर्स, अध्यक्षबाई, बादली घेऊन उभी राहिलेली सफाईवाली. चार लोक होते. सगळ्यांनी कात्रीकडे पाहिलं.

 मग ती बोलू लागली, कारण डॉक्टर थांबले होते. औषध काजातून सैल होत नाही. ज्या प्रोटीनवर बसलंय ते फुकट गेलं. पेशी हळूहळू नवी बनवेल, तोवर हृदयाला बाहेरून आधार द्यावा लागेल. "एक-दोन दिवस नाही," ती म्हणाली, "बरेच आठवडे. आणि पुन्हा पहिल्यासारखं होईल असं मला सांगता येणार नाही." डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले, तिनं दोन्हींची नेमकी उत्तरं दिली, आणि ते घाईनं आत गेले.

दोघी बाकावर बसल्या. मधे ताईची पिशवी होती.

"मी उलटं समजले हे तुला फोनवरच कळलं होतं?" ताईनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. शब्द तर खरेच होते तिचे. "कळलं होतं," कात्री म्हणाली.

ताईनं मान हलवली.  मग अगदी घरगुती आवाजात, उद्या काय भाजी करायची ते सांगावं तशी बोलू लागली.

"औषध मी दिलं, परवानगी नसताना दिलं, ते मी निस्तरेन. नोकरी जाईल, जाऊ दे. पण ऐक. त्याला मी तुझं काही सांगणार नाही. माझ्या हातून चूक झाली, एवढंच त्याला माहीत राहील. तुझ्यावर त्याचा जीव आहे, तो तसाच राहील. तू यायचं, त्याच्याजवळ बसायचं, तो थट्टा करेल ती ऐकायची आणि हसायचं. जितके दिवस तो आहे तितके दिवस. एकदा जरी टाळलंस, तर त्या दिवशी मी त्याला सगळं सांगेन."

 कात्रीच्या जिभेची धार कुठं गेली कोण जाणे. तेवढ्यात नर्सनं दार उघडून विचारलं, "मेहुणी कोण? ते विचारताहेत, आली का म्हणून."

ती आत गेली. भाऊजी उशांना टेकून पडले होते. नाकाखाली नळी, अंगाला तारा, ओठ निळसर. तिला बघून त्यांचे डोळे हसले. मागोमाग ताई येऊन दारात उभी राहिली.

"काय मेहुणीबाई," भाऊजी म्हणाले. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. "आज तुमची सभा होती ना? जिंकलात की नाही?"

तिनं दाराकडे पाहिलं नाही.

"जिंकले, भाऊजी," ती म्हणाली आणि हसली.

"मला माहीतच होतं," ते म्हणाले आणि तिचा हात हळूहळू थोपटत राहिले.